भिंतीवरचा भार उतरला तेव्हा

पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनी इथे एक जुने मठ-चर्च आहे. फ्रान्सच्या राजांना दफन करायची ती जागा. बाराव्या शतकातला तिथला मठाधिपती सूझे याला ते फार अपुरे वाटे. सणाच्या दिवशी गर्दीत माणसे चेंगरत, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याने वेदीभोवतीचा भाग नव्याने बांधून घेतला आणि ११ जून ११४४ रोजी त्याचा अर्पणविधी झाला. गॉथिक वास्तुशैलीची सुरुवात सहसा इथूनच धरतात.

तिची सुटी अंगे जुनीच होती. टोकदार कमान इस्लामी जगात कधीच रुळली होती. फासळ्यांचे छत, म्हणजे दगडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर पेललेले छत, इंग्लंडमध्ये डरहॅमला १०९३ मध्ये सुरू झालेल्या कथीड्रलवर (बिशपच्या मुख्य चर्चवर) चढले होते. सँ-दनीच्या पाथरवटांनी त्यांची सांगड घातली. सूझेचे नाव आपल्याला ठाऊक आहे, या कारागिरांपैकी एकाचेही नाही, याची हळहळ वाटते.

अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मी. खांबांमधले अंतर बदलले की माथाही वरखाली होतो. टोकदार कमान मात्र हवी तेवढी उंच नेता येते आणि तिचा बाजूचा रेटाही कमी असतो. छताचे वजन फासळ्यांवाटे खांबांवर उतरते. बाहेरच्या बाजूला ढकलणारा रेटा फ्लाइंग बट्रेस, म्हणजे भिंतीपासून सुटे उभे असलेले कमानदार धिरे, पेलून जमिनीत नेतात. भिंतीवर भारच उरला नाही, म्हणून तिथे रंगीत काच बसवता आली. ११९४ च्या आगीनंतर नव्याने उभारलेल्या, फ्रान्समधल्याच शार्त्रच्या कथीड्रलमधला निळा उजेड त्यातूनच आला.

उंचीची चढाओढही लागली. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कथीड्रलचे छत सुमारे ४८ मीटरवर गेले आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. दुरुस्ती करताना आधीच्या खांबांच्या मधोमध आणखी खांब घालावे लागले.

‘गॉथिक’ हे नाव पुढे इटलीत हिणवण्यासाठी पडले: रोम लुटणाऱ्या गॉथ टोळ्यांचे रानटी काम, या अर्थाने. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तीच शैली मानाने पुन्हा उचलली आणि ती मुंबईत आली. राजाबाई टॉवर १८७८ चा, तर बोरीबंदरचे स्टेशन १८८८ मध्ये पुरे झाले. सीएसएमटीला लोकलच्या तिकिटाच्या रांगेत उभे असाल तेव्हा वर पाहा. छताच्या फासळ्या एकत्र येऊन खांबांवर कशा उतरतात, ते तिथे डोक्यावरच दिसते.