हळहळ आणि हुरहूर : मालिका संपताना नेमकं काय वाटतं?

वर्षानुवर्षं पाहिलेली मालिका संपली की आपण दोन शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. कुणी म्हणतं हळहळ वाटली, कुणी म्हणतं हुरहूर लागली. दोन्हींत मन जड होतं, म्हणून गल्लत होते. पण बोलताना आपण त्यांना क्रियापदं वेगळी देतो. हळहळ वाटते, चारचौघांत व्यक्तही करता येते. जे व्हायला नको होतं ते झालं, असा निवाडा तिच्यात असतो. हुरहूर मात्र लागते, तहान लागावी तशी. तिची कुणाबद्दल तक्रार नसते.

निव्वळ हळहळ पाहायची तर अमेरिकेतल्या ‘आल्फ’कडे पाहावं. टॅनर कुटुंबाच्या घरात लपून राहिलेला केसाळ परग्रहवासी आणि त्याच्या करामती. 1986 साली सुरू झालेली ही मालिका मार्च 1990 मध्ये संपली, ती अशी, की आल्फला न्यायला त्याचे मित्र येणार तोच सरकारी माणसं त्याला घेरतात आणि पडद्यावर ‘क्रमशः’ येतं. पुढचा भाग आलाच नाही. वाहिनीनं मालिका बंद केली. सहा वर्षांनी एक दूरचित्रपट आला, पण त्यात टॅनर कुटुंबच नव्हतं. लहान मुलांना आल्फ पकडला गेलेलाच आठवत राहिला. ही हळहळ आहे, आणि ती रास्त आहे.

आता हुरहुरीसाठी अमेरिकेतलीच ‘मॉडर्न फॅमिली’. सप्टेंबर 2009 ते एप्रिल 2020, 11 सीझन, 250 भाग. लॉस एंजेलिसमधलं एक पसरट कुटुंब : जे आणि त्याची दुसरी बायको ग्लोरिया, मुलगी क्लेअर आणि जावई फिल, मुलगा मिचेल आणि त्याचा जोडीदार कॅम, आणि या सगळ्यांची मुलं. 2010 ते 2014 सलग पाच वर्षं सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी, म्हणजे तिकडचं टीव्हीचं मोठं पारितोषिक, याच मालिकेनं घेतलं. नंतर मात्र ती थकली, हे तिच्यावर जीव असलेल्या आम्हा प्रेक्षकांनाही दिसत होतं. जिन्याच्या त्याच पायरीवर अडखळणारा फिल आता पूर्वीसारखा हसवत नव्हता. फिल-क्लेअरच्या मुलाचं, ल्यूकचं, काम करणारा नोलन गूल्ड सुरुवातीला जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याचा बालिशपणा विसाव्या वर्षी कसा गोड वाटेल? हेली, अॅलेक्स, ल्यूक ही त्यांची तिन्ही मुलं मोठी झाली तरी कथेच्या सोयीसाठी घरातच घुटमळत होती.

शेवटच्या भागांनी नेमकी हीच अडचण कथेत घेतली, म्हणून मला ते फार आवडतात. हेली, तिचा नवरा आणि जुळी बाळं यांच्यामुळे घर तुडुंब भरलंय. फिल आणि क्लेअर ठरवतात, मुलांपैकी एकानं तरी आता बाहेर पडावं. आणि मग एकेक करत सगळेच निघतात. जागा हवी होती ती मिळाली, आणि घर खायला उठलं. बाहेरचा दिवा चालू राहू दे, मुलं परत येतात, असं फिल म्हणतो. ‘बरं झालं संपलं’ आणि ‘आता काय?’ हे दोन्ही आपल्याला एकदमच वाटत असतं, आणि पडद्यावरच्या आईबापांनाही तेच वाटत असतं. त्यात हा भाग दाखवला गेला तो 8 एप्रिलला, अर्धं जग घरात कोंडलेलं असताना. आईवडील एका गावात, आपण दुसऱ्या, अशा अवस्थेत तो पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्याला काय वाटतंय हे ओळखायला मी स्वतःला एक प्रश्न विचारते : अजून एक सीझन आणला तर हवा का? हळहळ लगेच हो म्हणते. हुरहूर थोडी थांबते आणि नको म्हणते.

हा प्रश्न सगळीकडे पुरा पडत नाही. अमेरिकेतली ‘रोझॅन’ ही मालिका 1997 मध्ये रीतसर संपली, पण शेवटच्या भागानं सांगितलं की नायिका रोझॅनचा नवरा डॅन केव्हाच गेला आहे आणि आपण पाहिलं त्यातलं बरंच रोझॅननं रचलेलं होतं. म्हणजे शेवट होऊनही हळहळच. 2018 मध्ये मालिका परतली तेव्हा डॅन जिवंत होता. आपल्याकडच्या रोजच्या मालिकांचं दुखणं आणखी वेगळं. वाहिनी म्हणते ‘मालिका निरोप घेतेय’, घरोघरी म्हणतात ‘गुंडाळली’. आठवडाभरात खलनायिका माफी मागते, दुरावलेले सगळे एका फोटोत येतात. तिथे हळहळ शेवटाची नसतेच. पाणी घालून वाढवलेल्या मधल्या वर्षांची असते.

हुरहुरीचं आमच्या घरातलं उदाहरण म्हणजे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. 2001 साली सुरू झालेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली, दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर बेतलेली. टिपऱ्यांच्या घरातले आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या आठवड्यातून एकदाच यायचे, आणि त्या संध्याकाळी आजी कुकर लवकर लावायची. मालिका संपल्यावर तिनं एकदाही ‘का संपवली’ असं विचारलं नाही. पण पुढचे कित्येक आठवडे त्या वारी आमच्याकडे कुकर लवकरच लागत होता.