गाडी चालवताना हातात फोन: ई-चलान आलं तर पैसे भरण्याआधी काय पाहायचं

महाराष्ट्रात मोबाईलवर बोलल्याचं ई-चलान आलं की बहुतेक जण रक्कम पाहतात, यूपीआयने भरतात आणि विषय संपला असं समजतात. नो पार्किंगच्या चलानाबाबत ते चालून जातं, या चलानाबाबत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा वाहन चालवताना हातात धरलेला फोन थेट कलम १८४ मध्ये गेला. हे धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याचं कलम आहे. लाल सिग्नल तोडणं आणि चुकीच्या दिशेने गाडी घालणं हे गुन्हेही त्याच कलमात येतात.

दंड दोन पातळ्यांवर असतो. प्रकरण कोर्टात गेलं तर पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कोर्टात न जाता मिटवायचं असेल तर राज्य सरकारने ठरवलेलं तडजोड शुल्क भरावं लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ते दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० आणि इतर वाहनांना ४,००० रुपये आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर १०,००० रुपये.

इथेच लोक फसतात. तडजोड केली म्हणजे नोंद पुसली गेली, असं नसतं. कलम २०० मध्ये स्पष्ट लिहिलंय की तडजोडीने मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी 'आधीचा गुन्हा' म्हणूनच मोजला जाईल. म्हणजे आज चुकीचं चलान 'जाऊ दे, हजारच आहेत' म्हणून भरलंत, तर दोन वर्षांनी खरोखर चूक झाल्यावर थेट दहा हजारांच्या रांगेत उभे राहाल. म्हणून आधी चलान तपासायचं, मग पैसे.

गुन्हा नेमका कशाने होतो? कायद्याचा रोख हातात धरलेल्या संपर्क साधनावर आहे. त्यामुळे फक्त कानाला लावून बोलणंच नव्हे, तर मेसेज टाइप करणं, स्क्रीन चाळणं, स्पीकर चालू करून फोन तोंडासमोर धरणं हे सगळं त्यात येतं. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांत एकच मोकळीक आहे: रस्ता शोधण्यासाठी फोन वापरता येतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. याचा व्यवहारातला अर्थ असा की फोन होल्डरला लावा आणि पत्ता निघण्याआधीच टाकून ठेवा. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना आणि ॲपवरच्या रिक्षाचालकांना हे विशेष सांगावंसं वाटतं, कारण त्यांचं पोट त्या स्क्रीनवर आहे: नकाशा पाहणं चालतं, पण चालत्या गाडीवर फोन हातात घेऊन पुढची ऑर्डर स्वीकारणं हे 'रस्ता शोधणं' होत नाही. आणि सिग्नलला थांबलेली गाडी म्हणजे कडेला लावलेली गाडी नव्हे. तिथे फोन हातात घेतल्याचंही चलान होतं. फोन घ्यायचाच असेल तर गाडी बाजूला, सुरक्षित जागी उभी करून घ्या.

मेसेज खरा आहे का?

चलानाचा मेसेज आरसीला जोडलेल्या मोबाईल नंबरवर येतो. त्याच रूपातले खोटे मेसेज व्हॉट्सॲपवर मोठ्या प्रमाणात फिरतात. त्यांच्यासोबत 'आरटीओ चलान' अशा नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल असते. ती फोनमध्ये बसवली की बँकेचे ओटीपी परक्याच्या हाती जातात. वाहतूक पोलीस किंवा आरटीओ कधीही एपीके पाठवत नाहीत. मेसेजमधल्या लिंकवर बोट न ठेवता ब्राउझरमध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळ स्वतः उघडा. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असायलाच हवं. गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी प्रलंबित चलानं दिसतात. हे आकडे आरसीवर असतात. केंद्राच्या परिवहन ई-चलान संकेतस्थळावरही एकदा पाहून घ्या. आरटीओने केलेलं किंवा दुसऱ्या राज्यातलं चलान तिथे सापडू शकतं.

मेसेज आलाच नाही आणि सहा चलानं साचली, असंही होतं. कारण बहुधा एकच असतं: आरसीला जोडलेला नंबर जुना किंवा एजंटचा असतो. केंद्राच्या 'वाहन' नावाच्या पोर्टलवर तो बदलता येतो. घर बदललं असेल तर पत्त्याची नोंद ३० दिवसांत करणं कलम ४९ नुसार बंधनकारकच आहे.

फोटोत काय पाहायचं

चलानासोबतचा फोटो मोठा करून पाहा. नंबर प्लेटवरचा प्रत्येक अंक वाचा; ३ चा ८ आणि १ चा ७ होणं अवघड नाही. गाडीची कंपनी, मॉडेल आणि रंग तुमच्या आरसीशी जुळतो का? तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम लिहिलंय का? वाहनाचा प्रकार बरोबर आहे का, की स्कूटरला चारचाकीचा दर लागलाय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हातात फोन खरोखर दिसतोय का? कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ आहे. त्यानुसार नंबर प्लेट दाखवणारा फोटो, वेळ, ठिकाण आणि कलम हे सगळं नोटिशीत असायला हवं, आणि नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवली पाहिजे. कान खाजवणारा हात आणि फोन धरलेला हात अस्पष्ट फोटोत सारखेच दिसतात. ज्या फोटोत फोन दिसतच नाही, त्याबाबत तक्रार करण्यात काहीच गैर नाही.

तक्रार महाट्रॅफिक ॲपमधून करता येते. गुन्हा ज्या शहरात दाखवला आहे तिथल्या वाहतूक शाखेकडे लेखी अर्जही देता येतो. पुण्यातल्या चलानाचा अर्ज नाशिकला देऊन फक्त वेळ जातो. अर्जात चलान क्रमांक, गाडीचा नंबर आणि हरकत एका वाक्यात लिहा. 'मी फोनवर नव्हतो' एवढं पुरत नाही. 'फोटोतली गाडी पांढरी असून माझी गाडी आरसीनुसार निळी आहे' असं लिहिलं की काम पुढे सरकतं. सोबत आरसीची प्रत, ओळखपत्र, चलानाचा स्क्रीनशॉट आणि गाडीचे पुढून-मागून काढलेले फोटो जोडा. त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचं दाखवता येत असेल तर फास्टॅगची नोंद, पार्किंगची पावती किंवा गॅरेजचं बिल द्या. तुमच्या नंबरची बनावट प्लेट कुणी लावल्याचं दिसलं, तर पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत लावा. नाहीतर पुढची चलानंही तुमच्याच नावावर येत राहतील. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका, आणि नोटिशीवर छापलेली मुदत चुकवू नका. हरकत घ्यायची असेल तर निर्णय येईपर्यंत पैसे भरू नका. भरले की गुन्हा मान्य केल्यासारखंच होतं.

गाडी विकून वर्ष झालं तरी चलान तुमच्याच नावावर येत असेल, तर नाव बदललेलं नाही. नोंदणीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) द्यायचा असतो, घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० (गाडी नावावर करण्याचा अर्ज). स्टॅम्प पेपरवरचा करार आरटीओसाठी पुरेसा नाही. गाडी तुमची पण चालवणारा भाऊ किंवा ड्रायव्हर असेल, तर पोलिसांनी विचारल्यावर त्याचं नाव, पत्ता आणि लायसन्सचा तपशील देणं कलम १३३ नुसार मालकाचं कर्तव्य आहे. ते लेखी द्या. नाहीतर गुन्हा तुमच्या खात्यावर राहण्याचा धोका असतो.

चलान बरोबर असेल तर संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये भरा, किंवा वाहतूक अंमलदाराकडच्या ई-चलान यंत्रावर भरून पावती घ्या. प्रलंबित ठेवलेली चलानं कोर्टात किंवा लोक अदालतीत जातात. लोक अदालतीत प्रकरण मिटतं, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. ज्या चलानावर खरी हरकत आहे, ते तिथे नेण्याआधी विचार करा.

लायसन्सचं काय?

पैसे भरले तरी हा भाग उरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम २१ मधल्या २५ व्या बाबीत वाहन चालवताना मोबाईल वापरणं हे लायसन्स अपात्र ठरवण्याचं कारण म्हणून नोंदवलेलं आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने अशा प्रकरणांत किमान तीन महिने निलंबनाचे निर्देश राज्यांना दिले. आरटीओची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका. कलम १९ नुसार आदेशाआधी म्हणणं मांडण्याची संधी द्यावी लागते. चलानावरची हरकत, फोटो आणि अर्जाची पोच तिथे कामी येते. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत अपील करता येतं. निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२ नुसार १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.