पाठ फिरवून धरलेला चेंडू

अमेरिकन बेसबॉलपटू विली मेझ सू सिटीतल्या एका थिएटरात सिनेमा बघत बसला होता, तेव्हा त्याला निरोप आला की मुख्य लीगमधल्या न्यूयॉर्क जायंट्स संघाने वर बोलावलंय. साल १९५१, महिना मे, वय वीस. तोवर तो मिनियापोलिसच्या संघातून, म्हणजे मुख्य लीगच्या एक पायरी खाली खेळत होता आणि ३५ सामन्यांत त्याची सरासरी होती .४७७. बेसबॉलमध्ये दहा प्रयत्नांत तीन हिट मारणारा, म्हणजे तीनदा फटका मारून सुखरूप पळणारा बॅटर नावाजला जातो. हा पोरगा जवळजवळ पाच मारत होता. तरीही जायंट्सचा मॅनेजर लिओ ड्युरोशर याला त्याने फोनवर सांगितलं की तिथलं पिचिंग, म्हणजे तिथली गोलंदाजी, मला झेपायचं नाही. ड्युरोशरने त्याला त्याची सरासरी विचारली आणि बोलावून घेतलंच.

पहिल्या बारा प्रयत्नांत एकही हिट नाही. तेराव्यात वॉरन स्पॅनसारख्या कसलेल्या पिचरला होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार. त्यानंतर पुन्हा तेरा वेळा काहीच नाही. सव्वीसात एक.

इथे जरा आकडेमोड करून बघू. त्या मोसमाअखेर मेझची सरासरी .२७४ झाली, म्हणून दर प्रयत्नात हिट मिळण्याची शक्यता सत्तावीस टक्के धरली, तर सव्वीसात एक किंवा शून्य हिट मिळण्याची शक्यता निघते हजारात तीनच्या आसपास. मोसम लांबलचक असतो, त्यात केव्हातरी असा दुष्काळ पडूही शकतो. पण तो नेमका सुरुवातीलाच पडावा, याचं खापर नुसत्या नशिबावर फोडता येत नाही. पोरगा बिचकलेला होता. ड्रेसिंग रूममध्ये तो रडत बसलेला असताना ड्युरोशरने त्याला बजावलं की मी इथे मॅनेजर आहे तोवर सेंटर फील्डला, म्हणजे मागच्या मैदानात मधोमध, तूच उभा राहणार.

ड्युरोशर काही कनवाळू म्हणून प्रसिद्ध नव्हता. त्याला मेझ हवा होता, कारण मागच्या मैदानात हे पोर काय करतं ते त्याने पाहिलं होतं. बॅटिंग आकड्यांत मोजली जात होती. मैदानाच्या टोकाला चेंडूमागे धावणाऱ्याचं मोल त्या काळी फक्त डोळ्यांनीच ठरायचं, आणि गंमत म्हणजे त्या कौशल्यामागचं विज्ञान बॅटिंगपेक्षा कमी गुंतागुंतीचं नाही.

मेझचा जन्म ६ मे १९३१ रोजी अलाबामातल्या वेस्टफील्डचा. तो वाढला शेजारच्या फेअरफील्डमध्ये, मावश्यांच्या हाताखाली. हा सगळा पोलाद कारखान्यांचा मुलूख, आणि वडील कारखान्याच्या संघातून बेसबॉल खेळायचे. चपळाईमुळे लोक त्यांना ‘कॅट’ म्हणत. आई शाळेत असताना धावण्यात आणि बास्केटबॉलमध्ये पुढे होती. मुख्य लीगचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने उघडून दिले, पण दक्षिणेतल्या पोरांसाठी कृष्णवर्णीयांची वेगळी निग्रो लीग हाच जवळचा रस्ता होता. मेझ शाळेत शिकत असतानाच १९४८ मध्ये बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळू लागला. तिथला मॅनेजर पायपर डेव्हिस याने त्याला घडवलं. १९५० मध्ये जायंट्सने करार केला आणि ट्रेंटनला पाठवलं, पुढच्या वर्षी मिनियापोलिस. बाकी मधल्या काळाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. तो जिथे गेला तिथे पुढच्या पायरीची बोलावणी येत गेली.

आता मैदान समजून घेऊ. बेसबॉलचं मैदान बॅटरपासून काटकोनात उघडत जातं. पुढच्या भागात बेस, म्हणजे धाव पूर्ण करताना गाठायचे थांबे, आणि त्यांच्याजवळचे खेळाडू, मागे विस्तीर्ण मोकळ्या जागेत फक्त तिघे: डावीकडे, मधे आणि उजवीकडे. मधल्याला सर्वांत जास्त जमीन राखावी लागते. चेंडू टप्पा न पडता झेलला की बॅटर बाद, हे आपल्या क्रिकेटसारखंच. पण झेल पूर्ण झाल्यावर बेसवर थांबलेल्या खेळाडूंना पुढे पळायची मुभा असते. म्हणून या तिघांचं, म्हणजे आउटफिल्डरचं, काम झेलापाशी संपत नाही. झेलल्यावर लगेच फेक अचूक यावी लागते.

जायंट्सचं घरचं मैदान पोलो ग्राउंड्स तर विचित्रच होतं. उजव्या कोपऱ्यातलं कुंपण बॅटरपासून जेमतेम ७९ मीटरवर आणि मधोमध सरळ गेलात तर भिंत १४७ मीटरवर. क्रिकेटची सीमारेषा जास्तीत जास्त ८२ मीटरच्या आसपास असते, यावरून त्या मधल्या रानाची कल्पना यावी.

त्याच रानात १५ ऑगस्ट १९५१ रोजी ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध एक प्रसंग घडला. नऊ इनिंगपैकी आठवी, बरोबरी, डॉजर्सचा बिली कॉक्स तिसऱ्या बेसवर, म्हणजे घरात (बॅटरच्या जागी) पोचून एक धाव मिळवायच्या बेतात. कार्ल फुरिलोने चेंडू मधल्या आणि उजव्या आउटफिल्डरच्या मधल्या जागेत उडवला. मेझ आपल्या डावीकडे जिवाच्या आकांताने धावला आणि डाव्या हातातल्या ग्लोव्हमध्ये त्याने तो पकडला. कॉक्स घराकडे सुटला. मेझ उजव्या हाताने फेकणारा आणि त्याचं सगळं अंग उलट दिशेला धावत होतं. थांबायचं, पाय रोवायचे, उजवीकडे वळायचं आणि मग फेकायचं, एवढ्यात कॉक्स पोचला असता. मेझ थांबलाच नाही. डाव्या पायावर तो डावीकडेच गरकन फिरला, क्षणभर घराकडे पाठ झाली आणि त्याच गिरकीतून चेंडू सुटला. घरापाशी उभ्या असलेल्या कॅचर वेस वेस्ट्रमने कॉक्सला बाद केलं. अंगातला वेग मोडून पुन्हा नवा वेग आणण्यात वेळ जातो. मेझने असलेला वेगच वर्तुळात वळवून हाताला दिला. कोणी त्याला कोनीय संवेग, म्हणजे फिरत्या गतीचं भौतिकशास्त्र, शिकवला नव्हता.

त्या मोसमात तो ‘रूकी ऑफ द इयर’, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवखा खेळाडू, ठरला, २० होमरनसह. (बॉबी थॉमसनने ज्या होमरनवर जायंट्सला लीगचं विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा पुढचा बॅटर म्हणून बाजूला विलीच उभा होता. आपली पाळी आली नाही म्हणून त्याला हायसं वाटलं असणार.) मग लष्करी सेवेत जवळजवळ दोन मोसम गेले. १९५४ मध्ये परतला तो वेगळाच खेळाडू होऊन: सरासरी .३४५, लीगमध्ये सर्वोच्च, ४१ होमरन आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. पण अमेरिकेत आजही १९५४ म्हटलं की लोकांना आठवतो तो एक झेल.

२९ सप्टेंबर १९५४, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम विजेतेपदाच्या मालिकेचा, पहिला सामना, क्लीव्हलँडविरुद्ध. आठवी इनिंग, २-२. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर क्लीव्हलँडचे खेळाडू, कोणी बाद नाही. डॉन लिडलच्या चेंडूवर व्हिक वर्ट्झने असा तडाखा दिला की चेंडू सरळ मधल्या रानात, सुमारे १२८ मीटरवर. बहुतेक मैदानांत तो कुंपणाबाहेर गेला असता. मेझ नेहमीप्रमाणे बराच पुढे उभा होता. त्याने बॅटरकडे पूर्ण पाठ केली आणि भिंतीच्या दिशेने पळत सुटला. शेवटी चेंडू त्याच्या डोक्यावरून, खांद्यापलीकडून समोर आला आणि पुढे धरलेल्या ग्लोव्हमध्ये पडला. लगेच गिरकी, टोपी खाली आणि फेक आत. दुसऱ्या बेसवरचा लॅरी डोबी तिसऱ्यापर्यंतच जाऊ शकला, पहिल्यावरचा अल रोझन जागेवरच राहिला. धाव झाली नाही. दहाव्या, म्हणजे जादा इनिंगमध्ये डस्टी ऱ्होड्सने उजव्या कोपऱ्यात जेमतेम कुंपण ओलांडणारा होमरन मारून सामना जिंकून दिला. वर्ट्झचा १२८ मीटरचा तडाखा बाद आणि ऱ्होड्सचा ऐंशीच्या आसपासचा फटका विजयी, असला न्याय पोलो ग्राउंड्सवरच शक्य होता. मालिका जायंट्सने ४-० अशी खिशात घातली.

तर प्रश्न असा की चेंडू कुठे पडणार हे धावणाऱ्याला कळतं कसं? बॅट लागल्यावर चेंडूचा वेग, कोन, फिरकी, वारा, हवेचा रोध, एवढ्या सगळ्याचा हिशोब डोक्यात होतो असं मानणं मोहक आहे. १९६८ मध्ये सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हिशोबाची गरजच नाही.

हवा बाजूला ठेवू आणि सोपे आकडे घेऊ. चेंडू आडवा सेकंदाला २५ मीटर आणि उभा सेकंदाला २० मीटर वेगाने निघाला. गुरुत्वाकर्षणाचं त्वरण दहा धरलं तर तो चार सेकंदांनी १०० मीटरवर पडेल. तुम्ही बरोबर तिथेच उभे आहात. आता दर सेकंदाला चेंडूची उंची भागिले तुमच्यापासूनचं त्याचं आडवं अंतर काढा. एका सेकंदाला १५ भागिले ७५, म्हणजे ०.२. दोन सेकंदांना २० भागिले ५०, म्हणजे ०.४. तीनला १५ भागिले २५, म्हणजे ०.६. नजर किती वर उचलावी लागते हे सांगणारा हा आकडा एकसारख्या चालीने वाढतोय, जरी चेंडू मधेच खाली येऊ लागला असला तरी.

आता तुम्ही दहा मीटर जास्त मागे उभे आहात असं समजा. आकडे येतात ०.१८, ०.३३, ०.४३. वाढ मंदावतेय, म्हणजे पुढे या. उलट दहा मीटर जास्त पुढे असाल तर ०.२३, ०.५०, १.०. वाढ भडकतेय, मागे पळा, चेंडू डोक्यावरून जाणार. म्हणजे धावणाऱ्याला फक्त एवढंच करायचं: नजर वर चढण्याची चाल एकसारखी राहील अशा बेताने आपला वेग कमीजास्त करत राहायचं. चेंडू कुठे पडणार हे माहीत नसलं तरी तो हाताशीच येतो. प्रत्यक्षात हवेच्या रोधामुळे चेंडूचा मार्ग सुबक परवलय राहत नाही, तो चढला त्यापेक्षा जास्त उभा खाली कोसळतो. पण दर क्षणाला दुरुस्ती चालू असल्याने ही युक्ती तिथेही निभावते.

१९९३ मध्ये पीटर मॅकलिओड आणि झोल्टन डीनेस यांनी यंत्रातून उडवलेले चेंडू झेलणाऱ्यांचं चित्रीकरण करून हे तपासलं. लोक पडण्याच्या जागी आधी जाऊन थांबत नाहीत, तर पळत पळतच चेंडूला गाठतात, आणि वरच्या आकड्याची वाढ खरोखरच जवळजवळ एकसारखी राहते, हे त्यांना आढळलं. चेंडू बाजूला जात असेल तर काय, यावर १९९५ मध्ये मायकेल मॅकबीथ आणि सहकाऱ्यांनी वेगळा नियम मांडला: मागच्या दृश्यावर चेंडूची प्रतिमा सरळ रेषेत सरकत राहील असा वळणदार मार्ग धावणारा निवडतो. दोन्ही गटांत बराच वाद झाला. पुढे कुत्र्याच्या डोक्यावर कॅमेरा लावून पाहिलं, तर फ्रिस्बी पकडणारा कुत्राही असंच काहीसं करत होता.

पण या सगळ्या सिद्धांतांना एक अट आहे. चेंडू दिसत राहिला पाहिजे. आणि मेझने तर पाठ फिरवली होती.

माझ्या मते मेझचं वेगळेपण इथेच आहे. मान वळवून चेंडू पाहत पूर्ण वेगाने धावता येत नाही. ज्याला बराच लांबचा पल्ला गाठायचा आहे त्याला काही काळ नजर काढून घ्यावीच लागते, आणि त्यासाठी पहिल्याच क्षणात पुष्कळ काही कळलेलं असावं लागतं. मधल्या आउटफिल्डरची अडचण अशी की चेंडू सरळ त्याच्याच रोखाने येतो, त्यामुळे सुरुवातीला तो लांब जाणार की समोर पडणार हे नुसतं बघून ओळखणं कठीण. येल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट अडेर यांचं म्हणणं होतं की इथे कान मदतीला येतात. बॅटच्या नेमक्या जागी बसलेल्या चेंडूचा आवाज खणखणीत. जागा चुकली की बॅट थरथरते, ऊर्जा त्या कंपनांत वाया जाते आणि आवाज बोदा येतो. शंभर मीटरवर हा आवाज पोचायला सुमारे ०.३ सेकंद लागतात, तरी तो नजरेच्या अंदाजाआधी हाती येतो. त्यात पिचरने टाकलेल्या चेंडूचा प्रकार, बॅटरची सवय, बॅटचा झोका हे सगळं मिळवा. पाठ फिरवताना मेझच्या हातात एक ढोबळ उत्तर होतं, आणि ते पक्कं करायला शेवटी खांद्यावरून टाकलेली नजर पुरली.

२०१५ पासून अमेरिकेच्या मुख्य लीगमधल्या सर्व मैदानांवर खेळाडू आणि चेंडूचा माग काढणारी स्टॅटकास्ट यंत्रणा आहे. तिच्यात आउटफिल्डरसाठी ‘जंप’ नावाचं माप आहे: पिचरच्या हातून चेंडू सुटल्यापासून पहिल्या तीन सेकंदांत योग्य दिशेने किती अंतर कापलं. त्याचे तुकडे पाडतात, पहिल्या दीड सेकंदातली प्रतिक्रिया, पुढच्या दीड सेकंदातला जोर आणि निवडलेला मार्ग. ड्युरोशर जे डोळ्यांनी ओळखत होता, त्यातलं थोडं आता फुटांत मिळतं.

आपल्याकडच्या वाचकांना ताडून पाहायला एक झेल घरचा आहे. २५ जून १९८३, लॉर्ड्स, मदनलालची बोलिंग, व्हिव्ह रिचर्ड्सचा उंच उडालेला फटका आणि मागे पळणारा कपिल देव. दोन्ही चित्रफिती सहज मिळतात. लागोपाठ लावा आणि फक्त माना बघा. कपिल खांद्यावरून चेंडूकडे बघत पळतो, चॅपमनच्या नियमात बसेल असा. मेझ आधी पळतो, मग बघतो.