बर्फाखालची आग: आइसलँडमधल्या अभ्यासाची पार्श्वभूमी

८ जून १७८३ रोजी आइसलँडच्या दक्षिण भागात, लाकी डोंगराजवळ जमीन फाटली. एकाच शिखरातून उसळलेला हा उद्रेक नव्हता. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेवर शंभराहून अधिक तोंडे उघडली आणि लाव्हा आठ महिने वाहत राहिला. माणसे मात्र लाव्ह्याने मेली नाहीत. हवेत सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड गेला, गवतावर फ्लोरिन बसले, आणि ते गवत खाऊन बहुतेक मेंढ्या दगावल्या. पाठोपाठ आलेल्या दुष्काळात देशाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या संपली.

हे इतक्या बारकाईने कळते ते योन स्टेइन्ग्रिम्सन या धर्मगुरूंमुळे. २० जुलैला ते चर्चमध्ये प्रार्थना घेत असताना लाव्हा जवळ येऊन ठेपला होता, आणि तो तिथेच थांबला. लोकांनी त्याला चमत्कार मानले. मला त्यांच्या नोंदी त्याहून मोलाच्या वाटतात. पावसाचे थेंब डोळ्यांना आणि कातडीला कसे झोंबले, जनावरांची हाडे कशी बिघडली, हे त्यांनी लिहून ठेवले, तेही स्वतःच्या घरावर मरणाची छाया असताना. पुढच्याच वर्षी त्यांची पत्नी गेली.

लाकीच्या वायूंचे कोरडे धुके युरोपभर पसरले. तेव्हा पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी नोंदवले, की भिंगाने ऊन एकवटले तरी तपकिरी कागद जेमतेम पेटतो. १७८३-८४च्या कडक हिवाळ्याचा संबंध त्यांनी या धुक्याशी आणि आइसलँडच्या ज्वालामुखीशी जोडून पाहिला. ज्वालामुखी हवामान बदलू शकतो, हा विचार तेव्हाच मांडला गेला होता. पुरावा मिळायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

दरम्यान स्वेइन पाल्सन नावाच्या डॉक्टरांनी लाकीचा परिसर धुंडाळला आणि हिमनद्यांवर ग्रंथ लिहिला. बर्फ घट्ट द्रवासारखे वाहते, हे त्यांनी १७९०च्या दशकातच ओळखले होते. पण तो ग्रंथ विसाव्या शतकापर्यंत पूर्ण छापलाच गेला नाही, याची हळहळ वाटते. १९४४मध्ये सिगुर्दुर थोरारिन्सन यांनी राखेच्या थरांवरून काळ ठरवण्याची पद्धत मांडली. मातीतला एकेक थर ओळखता आला, की त्याच्या वरचे आणि खालचे जग तारखेला बांधता येते.

पुरावा अखेर ग्रीनलंडच्या बर्फात सापडला. १९६६मध्ये तिथे १,३८७ मीटर खोल खणून तळ गाठला गेला. विली डान्सगार्ड आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांनी अशा बर्फाच्या दांड्यांचा अभ्यास केला. क्लाउस हॅमर यांनी बर्फावर दोन विद्युताग्रे फिरवली. जिथे आम्ल जास्त, तिथे वीजप्रवाह वाढे. लाकीचे सल्फर आम्लाच्या रूपात त्या थरांत स्पष्ट उमटलेले होते.

धोका मात्र केवळ हवेतला नाही. ३० सप्टेंबर १९९६ला वात्नायोकुल या अवाढव्य बर्फाखाली उद्रेक झाला. वितळलेले पाणी ग्रिम्सव्होत्न या बर्फाखालच्या सरोवरात साठत गेले आणि महिनाभराने, ५ नोव्हेंबरला, फुटून बाहेर पडले. घराएवढे हिमखंड घेऊन आलेल्या लोंढ्याने पूल मोडून वाहून नेले. लोंढा येणार याची शास्त्रज्ञांना कल्पना होती, रस्ता बंद ठेवला होता, म्हणून एकही माणूस दगावला नाही. पुलाच्या पिळवटलेल्या तुळया आजही रस्त्याकडेला ठेवलेल्या आहेत. अशा पुरासाठी आइसलँडी भाषेतला 'योकुलह्लाउप', म्हणजे हिमनदीची धाव, हा शब्द जगभरच्या शास्त्राने उचलला आहे.

आता प्रश्न उलट्या दिशेने विचारला जातो आहे: बर्फ वितळले, तर उद्रेक वाढतात का? शेवटच्या हिमयुगानंतर बर्फाचे ओझे उतरले, खोलवरचा दाब घटला, खडक जास्त वितळू लागला आणि आइसलँडमधले उद्रेक कित्येक पटींनी वाढले. वात्नायोकुल आज पुन्हा पातळ होत आहे. त्याच्या कडेला रोवलेली जीपीएस यंत्रे जमीन वर्षाला काही सेंटिमीटर उचलली जात असल्याचे दाखवत आहेत.