हचिन्सन छावणीतील कला

हचिन्सन छावणीतील कला : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने स्थानबद्ध केलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन निर्वासित कलावंतांनी इंग्लंड व आयर्लंड यांमधील आइल ऑफ मॅन बेटावरील डग्लस येथील हचिन्सन छावणीत केलेली चित्रे, शिल्पे व मुद्राचित्रे. यांतील बहुतेकजण नाझी राजवटीतून निसटून आलेले, अनेकजण ज्यू. तरी १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळू लागताच ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून त्यांची सरसकट धरपकड झाली. छावणी १३ जुलै १९४० रोजी सुरू झाली. हचिन्सन चौकाभोवतीच्या, एरवी सुटीतल्या पाहुण्यांसाठी चालणाऱ्या घरांना तारेचे कुंपण घातले गेले आणि महिनाअखेर तेथे सुमारे १,२०० पुरुष होते.

या कलेची खरी गंमत साहित्याच्या जमवाजमवीत आहे. हवाई हल्ल्यांच्या भीतीने खिडक्यांच्या काचा निळ्या आणि दिवे लाल रंगवलेले होते, त्यामुळे दिवसा खोल्यांत निळसर अंधार पसरे. लाइपझिग येथे कलाध्यापन केलेले हेल्मुट व्हाइसेनबोर्न यांनी दाढीच्या पात्याने हा रंग खरवडून काचेवर आकृती कोरल्या. रेघ उमटेल तेथून उजेड आत येई. अशा रंग-खरवडीचे पूर्वसंकेत लोकचित्रकलेत शोधण्यापेक्षा, मुळात उजेड हवा होता आणि चित्र त्या निमित्ताने आले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जमिनीवरचे लिनोलियम कापून त्याचे ठसे कोरले जात. शिसपेन्सिलीचे शिसे कुटून मार्गारिनमध्ये कालवले की शाई तयार होई आणि कपडे पिळण्याच्या रुळांतून कागद काढला की छाप मिळे. विटांची पूड सार्डिनच्या डब्यातील तेलात खलून रंग केला जाई. अशा रंगांचा टिकाऊपणा अर्थातच बेताचा.

छावणीतील सर्वांत ख्यातनाम कलावंत कुर्ट श्विटर्स (१८८७–१९४८). हॅनोव्हरहून १९३७ मध्ये नॉर्वेला आणि १९४० मध्ये तेथूनही पळालेले श्विटर्स १७ जुलै १९४० ते नोव्हेंबर १९४१ येथे होते. माळ्यावरच्या खोलीत ते न्याहारीत उरलेल्या ओटच्या लापशीची शिल्पे रचत. सहस्थानबद्ध चित्रकार फ्रेड उल्मान यांच्या आठवणींनुसार या लापशीवर हिरवट बुरशीचे केस उगवत आणि उग्र वास सुटे. यांपैकी एकही शिल्प उरलेले नाही; त्यामुळे ती श्विटर्स यांच्या ‘मर्झ’ (टाकाऊ वस्तू जुळवून केलेल्या) रचनांच्या परंपरेत मोडतात की निव्वळ वेळ घालवण्याचा उद्योग होता, हा वाद आठवणींच्याच आधारे चालतो. श्विटर्स उकिरड्यातील तिकिटे, चिंध्या आयुष्यभर जुळवीत आले होते, हे पाहता पहिले मत ग्राह्य धरावयास हरकत नाही. छावणीत त्यांनी दोनशेहून अधिक कृती केल्या. त्यांत पैसे घेऊन काढलेली वास्तवदर्शी व्यक्तिचित्रेही आहेत. ती केवळ पोटासाठी केलेली म्हणून समीक्षकांनी दीर्घकाळ बाजूस सारली. पण वास्तवदर्शी चित्रण श्विटर्स यांनी कधीच सोडले नव्हते.

लुडविग माइडनर, एरिख कान, शिल्पकार पाउल हामान व एर्न्स्ट म्युलर-ब्लेन्सडॉर्फ हेही येथे होते. कला-इतिहासकार क्लाउस हिन्रिक्सन यांनी १९४० च्या सप्टेंबर व नोव्हेंबरमध्ये प्रदर्शने भरवली. कॅप्टन ह्युबर्ट डॅनिएल हे छावणीप्रमुख या उद्योगाला अनुकूल होते. मात्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘न्यू स्टेट्समन’ या साप्ताहिकास पाठवलेल्या पत्रात येथील कलावंतांनी तारेच्या कुंपणाआड कला जगू शकत नाही, असे म्हटले होते. पत्र सुटकेच्या मागणीसाठी होते, ही बाब प्रदर्शनांचे कौतुक करताना बहुधा निसटते. उल्मान यांची मुलगी ते स्थानबद्ध असतानाच जन्मली. त्यांच्या छावणीतील रेखाटनांत हातात फुगा धरलेली एक लहान मुलगी पुन्हापुन्हा येते.

तुलनेसाठी दक्षिण फ्रान्समधील ले मिल ही कौलांच्या कारखान्यातील छावणी पाहावी. अतिवास्तववादी कलावंत माक्स एर्न्स्ट व हान्स बेल्मर तेथे एकत्र स्थानबद्ध होते. बेल्मर यांनी एर्न्स्ट यांचा चेहरा विटांनी बांधल्यासारखा रेखाटला. पहारेकऱ्यांच्या भोजनगृहातील भित्तिचित्रांवर ‘ताटे भरलेली नसली तर आमची चित्रे भूक शमवोत’ अशा अर्थाची फ्रेंच ओळ आहे. ऑस्ट्रेलियातील ‘हे’ या गावच्या छावणीत अंतर्गत चलनासाठी तेथील स्थानबद्ध गेओर्ग टेल्चर यांनी १९४१ मध्ये नोटा रेखाटल्या. त्यांच्या काठावरील काटेरी तारेच्या वळणांत ‘आम्ही येथे आहोत कारण आम्ही येथे आहोत’ हे इंग्रजी वाक्य गुंफलेले आहे, पण ते भिंगाशिवाय सहसा दिसत नाही.