टॉपर, शहाणा आणि कनवाळू

निकाल लागले की नागपुरात शंकरनगरपासून सक्करदऱ्यापर्यंत टॉपर पोरांचे फ्लेक्स झळकतात. बुद्धी अशी मोजून, दशांशासकट छापता येते. पण मोजणाऱ्यांचीही फजिती होते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्ध्यंकाच्या चाचणीवरून दीडेक हजार अतिहुशार मुलं निवडायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षं त्यांचा माग ठेवला. त्यांतल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. मिळालं ते चाळणीतून गळलेल्या दोघांना: विल्यम शॉकले आणि लुईस अल्वारेझ.

ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल वाटून घेणारा हा शॉकले हाताखालच्या लोकांना इतका जाचला की पुढच्याच वर्षी आठ तरुण संशोधक एकदम सोडून गेले. नंतर तर कमी बुद्ध्यंकाच्या लोकांना पैसे देऊन त्यांची नसबंदी करावी, असं तो मांडू लागला. ज्या चाचणीत स्वतः गळला, तिच्याच आकड्याने जग तोलायला निघाला!

शहाणपणाची तऱ्हा निराळी. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांत लोकांना जोडीदाराच्या बेइमानीवर विचार करायला सांगितला. फसवणूक मित्राची झाली असेल तर उत्तरं समजूतदार. स्वतःची असेल तर समजूत घसरलेली. स्वतःकडेच त्रयस्थाच्या नजरेने पाहायला लावलं, तेव्हा हा फरक मिटला.

राहिली करुणा. बाबासाहेबांनी मे १९५६ मध्ये बीबीसीवरच्या भाषणात प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वं वेगवेगळी सांगितली होती, आणि दीक्षाभूमीच्या या शहराला ती पाठ आहेत. मेंदूच्या अभ्यासकांनी त्यातल्या करुणेपासून आणखी एक गोष्ट वेगळी काढली: सहवेदना. ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर यांनी लोकांना आधी दुसऱ्याचं दुःख आपलंसं करण्याचा सराव दिला, मग दुःखितांचे व्हिडिओ दाखवले. लोक कोमेजले, वेदनेच्या अनुभवाशी निगडित मेंदूचे भाग जास्त चेतले. त्याच लोकांना नंतर मायेने भलं चिंतण्याचा सराव दिल्यावर मन सावरलं आणि चेतले ते आपुलकी व समाधानाशी जोडलेले भाग. मेडिकलच्या कॅज्युअल्टीत रात्र काढणाऱ्या निवासी डॉक्टरला यातला पहिला प्रकार थकवतो, दुसरा तगवतो.

पण करुणेलाही वेळ लागतो. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, फार घाईतल्यांपैकी फक्त १०. काहींचं भाषण तर वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाच्या बायबलमधल्या कथेवरच होतं. त्याने विशेष फरक पडला नाही. म्हणून कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांसाठी करुणेवर व्याख्यान ठेवण्याआधी त्यांच्या ड्युटीचे तास कमी करावेत, असं माझं मत आहे.