‘रिकामी आहे’ असे कुणी सांगितले तरी

विनोदी वेस्टर्न (अमेरिकन काउबॉयच्या गोष्टीची) एकांकिका, स्नेहसंमेलन किंवा लघुपटासाठी आमच्याकडून बंदुका भाड्याने नेणाऱ्यांसाठी

‘काउबॉयची बंदूक द्या’ एवढेच सांगून बरेच जण येतात. आम्ही आधी प्रसंग विचारतो. बंदूक कशी चालते यावर हशा कुठे येणार हे ठरते, म्हणून ही चौकशी.

वेस्टर्न म्हटले की कमरेला दिसते ते बहुधा 1873 सालचे कोल्ट सिंगल अॅक्शन आर्मी, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. यात नुसता चाप ओढून गोळी सुटत नाही. दर वेळी आधी अंगठ्याने घोडा, म्हणजे बंदुकीच्या मागच्या टोकाची हातोडी, मागे ओढावा लागतो. त्या खटक्यानंतर क्षणभर सगळे गप्प होतात, आणि विनोदी वाक्य टाकायची जागा तीच. नट घाईने चाप दाबत सुटले की ती जागा हातची जाते. आमच्या खोट्या नमुन्यात घोडा हलतो, खटका ऐकू येतो, पण काडतुसाचे चक्र भरीव आहे; त्यात काहीही घालता येत नाही. खऱ्या कोल्टमध्ये जुने लोक पाचच गोळ्या भरत आणि घोड्याखालचे घर मोकळे ठेवत, कारण घोड्याला धक्का बसला तरी बार उडण्याची भीती असे. भित्र्या शेरीफच्या (गावच्या पोलीस प्रमुखाच्या) तोंडी घालायला ही माहिती फार छान आहे.

विंचेस्टर रायफलचा लिव्हर (चापाभोवतीचा दांडा) खाली-वर करायचा सराव घरी करा. दुनळीला दोनच बार, मग मधून वाकवून उघडायची आणि पुन्हा भरायची. लेखकाने हे लक्षात ठेवावे.

शक्य असेल तर ‘सपोर्ट युअर लोकल शेरिफ’ (1969) हा विनोदी वेस्टर्न चित्रपट जरूर पाहा. जेम्स गार्नरचा शेरीफ नेमबाजीत पटाईत आहे, तरी एका बंदूकबाजाला तो चक्क दगड मारून पळवतो. म्हाताऱ्या खलनायकाने (वॉल्टर ब्रेनन) रोखलेल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत तो शांतपणे बोट घालतो आणि म्हातारा गांगरतो. हा प्रसंग करायला पुष्कळ गट येतात. .45 कॅलिबरच्या नळीचे भोक जेमतेम साडेअकरा मिलिमीटर असते, मोठ्या माणसाचे बोट त्यात जात नाही. म्हणून एका रबरी नमुन्याचे तोंड आम्ही मुद्दाम रुंद केले आहे. बोटाच्या प्रसंगासाठी तोच मागा.

चित्रपटाच्या शेवटी गावातली जुनी तोफ आहे. रिकामीच आहे असे सगळे धरून चालतात, आणि तोफ धडाडते. पडद्यावर आम्हीही पोट धरून हसलो. पण 21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोत एका वेस्टर्नच्या तालमीत अभिनेत्याच्या हातातल्या, रिकामी म्हणून दिलेल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. छायालेखिका हलिना हचिन्स दगावल्या, दिग्दर्शक जखमी झाले. त्याआधी 1984 मध्ये अभिनेता जॉन-एरिक हेक्समने गंमत म्हणून बिनगोळीच्या (नुसत्या दारूच्या) काडतुसाचे पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला. त्या बाराच्या दाबाने कवटी फुटली आणि काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला.

म्हणून आमच्याकडे बार काढणारी एकही वस्तू मिळत नाही, बिनगोळीची काडतुसेसुद्धा नाहीत. कुणी जास्त भाडे देऊ केले तरी नाही. नाटकात आवाज विंगेतून द्या. दिवाळीतल्या टिकल्यांचा रोळ पत्र्यावर हातोडीने फोडला तर छोट्या सभागृहाला पुरतो, मात्र पडद्यांपासून लांब आणि डोळे सांभाळून. लघुपटात नळीतला जाळ संकलनाच्या वेळी घालता येतो आणि तो छान दिसतो.

कुणाचा मामा, कुणाचे काका परवान्याची खरी बंदूक ‘फक्त एका दृश्यापुरती’ द्यायला तयार होतात. कृपा करून घेऊ नका. शस्त्र अधिनियम 1959 चा प्रश्न आहेच, शिवाय खरी आणि खोटी एकाच टेबलावर आली की गोंधळ व्हायला एक क्षण पुरतो.

बाहेर चित्रीकरण असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कळवा. लांबून बघणाऱ्याला रबर कळत नाही. नेता-आणताना नमुने बंद पिशवीत ठेवा. रिक्षात, लोकलमध्ये बाहेर काढून सेल्फी नको.

नमुना देताना आम्ही तो तुमच्यासमोर उघडतो, नळीत सळई घालून दाखवतो, मग तुमच्या हाती देतो. ती सळई सोबत मिळते. प्रत्येक प्रयोगाआधी एकाच ठरलेल्या माणसाने सगळ्या नटांसमोर हेच करायचे. सळई परत आणायला विसरू नका, पुढच्या गटाला ती लागते.